गारंबीचा झोका

हरिहरेश्वरच्या वाळूत परवा गारंबीची तपकिरी, गुळगुळीत बी सापडली. रानातल्या ओढ्यातून समुद्रात वाहत आली असणार.

आई वारली त्या वर्षी बाबा मला त्याच रानात घेऊन गेले होते. मी दहा वर्षांची. मांडीएवढी जाड गारंबीची वेल तीन झाडांवर चढून उजेडाला पोचली होती. वर तिच्यावरून शेकरू पळत होतं, खाली झोपाळ्यासारखा वळसा लोंबत होता.

"बस, झोका देतो."

"मला न्हाय बसायचं. घरी चला," मी रागाने म्हटलं.

मग बाबाच बसले. सालीवरून हात फिरवत म्हणाले, "लगीन झाल्यावर तुझ्या आयला इथं आणलेली."

मी पाठ फिरवली. ते रडत होते, मला ऐकू येत होतं.

आता मीही एकटीच राहते. त्या दिवशी वेलीवर दोघांपुरती जागा होती.