सरांचं पिवळं आभाळ

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी पेडणेकर सरांची शोकसभा झाली. खुर्च्या चाळीस मांडल्या होत्या. आम्ही जुने विद्यार्थी सात जण, आणि सरांची मुलगी. बाकी सहाही जण सरांबद्दल चांगलं बोलले. मी तिथे बोललो नाही ते इथे लिहितोय.

केबिन रोडला एका कपड्याच्या दुकानावर सरांचा चित्रकलेचा क्लास होता. निसर्गचित्र शिकवायची त्यांची एकच पद्धत. भिंतीवर त्यांच्या गुरूंचं तैलचित्र होतं, मुर्धा गावच्या मिठागरांचं. त्याची नक्कल करायची, जमेपर्यंत करायची, बाहेर जाऊन काही काढायचं नाही. मी त्या चित्रासाठीच क्लास लावला. माझ्या सासूबाई मुर्ध्याच्या, तरुणपणी त्याच मिठागरांत राबलेल्या. त्यांची नजर जात चालली होती, डॉक्टरांनी फार तर दीड वर्ष सांगितलं होतं. त्यांना दिसतंय तोवर त्यांचं मिठागर घरच्या भिंतीवर लागावं, एवढाच माझा हिशेब.

पहिली नक्कल घरी नेली. सासूबाईंनी ती डोळ्यांपाशी धरली. "पानी आमचं हाय, बांध पन आमचा हाय," म्हणाल्या. "पन जावय, आभाल असं आजारी कवा व्हतं?"

आकाश पिवळं होतं. सरांच्या भिंतीवरही पिवळंच होतं. पुढच्या रविवारी मी निळा लावला. सरांनी पॅलेट नाईफ घेतली आणि ओलं आकाश खरवडून काढलं.

"अकाउंटवाले, इथे एंट्री बदलायची नसते. समोर आहे ते उतरवा."

"सर, आकाश पिवळं नसतं."

"माझ्या गुरूंना कळलं नाही, तुम्हाला कळलं?"

वर्ग हसला. मूळ चित्र समोर हवं म्हणून मी तिथेच निळा लावत राहिलो, ते खरवडत राहिले... असं वर्षाहून जास्त गेलं. मग गुरूंच्या चित्राच्या फ्रेमला वाळवी लागली आणि फ्रेम काढायचं काम माझ्याकडे आलं. फ्रेम निघाली तेव्हा तिच्याखाली झाकलेली बोटभर पट्टी दिसली. निळी. बाकीच्या आकाशावर सर चित्राला रोज लावायचे त्या उदबत्त्यांचा वर्षानुवर्षांचा धूर बसला होता. मी चित्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"पट्टी फ्रेमच्या आत जाते," ते म्हणाले. "नवीन फ्रेम लावा."

त्या दिवशीही त्यांनी माझं आकाश खरवडलं. मी क्लास सोडला. घरी निळं आकाश काढायला बसलो तोवर डॉक्टरांची मुदत संपली होती. सासूबाईंना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. याबद्दल मी सरांना माफ केलेलं नाही. ते गेले म्हणून करणारही नाही.

शोकसभेसाठी सरांच्या मुलीने ते चित्र जाणकाराकडून साफ करून घेतलं होतं. आकाश लख्ख निळं. सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनी म्हात्रेबाई पुढे झाल्या. "अगं, काय केलंस हे? सरांचं चित्र घालवलंस."

"मावशी, नुसता धूर काढलाय," ती रडवेली होऊन म्हणाली. बाकी पाचही जणांनी म्हात्रेबाईंच्या बाजूने माना हलवल्या. सरांनी शिकवलंच होतं तसं.

काल घरी कॅनव्हास घेऊन बसलो होतो. रंगाच्या वासाने सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"आभाल काढताव?"

"हो."

"निलं ना?"

"निळंच," मी म्हणालो आणि हाताकडे पाहिलं. ब्रश पिवळ्यात बुडलेला होता.