प्रताप नगरातून बोट बघायला

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र भरपूर लांब आहे. हे वाक्य मी शाळेत भूगोल शिकवताना, नकाशावर छडी ठेवून, इतक्या वर्गांना सांगितलं आहे की माझ्याच घरातल्या माणसाने ते ऐकलेलं नसेल अशी शंकाही मला कधी आली नाही. पण यंदा होळीनंतरच्या एका सकाळी आमचे हे मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "बोट घ्याची म्हणतो."

मला वाटलं, अंबाझरी तलावावर फिरायला जायचं म्हणतायत. म्हटलं, "अर्ध्या तासाची घ्या, ऊन होते."

"भाड्यानं नाही वं. विकत. सेकंडहँड हाय, पण केबिनवाली. झोपाले दोन पलंग, गॅसची शेगडी, संडास, सगळं आतमंधी. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरू आपण. रत्नागिरीपासून पार गोव्यालोक."

हे कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. सगळा संसार तिथल्या कॉलनीत, दोरीवरचे कपडे राखेसकट घडी करण्यात गेला. निवृत्तीनंतर प्रताप नगरातल्या स्वतःच्या घरात आलो. पोहायला यांना येत नाही. पाण्याशी यांचा संबंध एकच, ते उकळलं की वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. अशा माणसाला दर्यावर्दी व्हायला मोबाइलवरचे व्हिडिओ पुरतात, हे मला नव्याने कळलं.

आता थट्टा बाजूला ठेवून एक सांगते, नाहीतर मी असल्या प्रवासाला तयार कशी झाले ते तुम्हाला कळायचं नाही. घरी बसल्यापासून हे गप्प झाले होते. सकाळच्या शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी-आंघोळ करायचे, बूट घालून पोर्चमध्ये जाऊन बसायचे आणि थोड्या वेळाने बूट काढून आत यायचे. विचारलं तर "काही नाही." मला त्या "काही नाही"ची फार भीती वाटायची. बोटीचं खूळ डोक्यात शिरलं आणि माणूस जेवताना बोलायला लागला. म्हणून तोंडावर "नाही" म्हणवेना. पण शहराबाहेर बेसा गावात घेतलेला आमचा प्लॉट विकून त्याचे पैसे पाण्यात सोडायला मी काही तयार नव्हते, आणि प्लॉट दोघांच्या नावावर आहे. शेवटी ठरलं, बोट आधी डोळ्यांनी बघायची, मग माझी सही. माझा बेत साधा होता. बोट बघायची, नाही म्हणायचं, आणि तरीही हे पुन्हा बूट घालून पोर्चमध्ये बसणार नाहीत असं काहीतरी करायचं. हे शेवटचं कसं करायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी यांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. स्पीकरवर होता. "जयभीम साहेब! जहाज घेऊन राहिले म्हणे?"

"जहाज नाही गा, बोट."

"मंग कोराडीच्या तलावात आणा ना. तेवढंच आमालेबी चक्कर माराले होते."

एप्रिल उजाडला होता, नागपूर तापलं होतं. पहाटे तर्री-पोहे खाऊन निघालो. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर असा रस्ता. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते, रस्ता बराचसा चौपदरी आणि चांगला आहे, खायचं मात्र घरून घ्या. यवतमाळच्या पुढे मैलोन्‌मैल नुसते टोलनाके भेटतात, चहा भेटत नाही. आम्ही भाकरी-ठेचा आणि उकडलेली अंडी घेतली होती. सोलापुरात दोघांना बरी एसी खोली दोन हजारांच्या आत मिळाली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथे खा आणि चटणी पाव किलो जास्तच बांधून घ्या, गाडीतच संपते.

गाडी बहुतेक वेळ मी चालवली. यांनी चालवली की यांचे कान इंजिनकडे असतात आणि रस्त्याकडे कोणीच नसतं. शेजारी बसून यांनी मला खलाशी करायला घेतलं. उजवीकडे म्हणायचं नाही, स्टारबोर्ड म्हणायचं. डावीकडे म्हणजे पोर्ट. नांदेडच्या अलीकडे एक उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला तेव्हा हे ओरडले, "पोर्टले घे, पोर्टले!" मी ब्रेक दाबला, कारण पोर्ट कुठलं ते आठवेपर्यंत आमचा प्रवास तिथेच संपला असता. त्यानंतर गाडीत डावं आणि उजवंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सांगली, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. घाट सुंदर आहे असं ऐकून होते. मला तो रस्त्याच्या कामावरच्या धुळीतून जेवढा दिसला तेवढा सुंदरच होता. संध्याकाळी रत्नागिरी गाठली. घाम असा की नागपूरचं कोरडं ऊन आठवून जीव हळवा झाला.

बोट होती रत्नागिरीजवळच्या एका खाडीत. गावाचं नाव सांगत नाही, उगाच नागपूरकरांची रांग लागायची. मालक सुर्वे. पूर्वी लॉज चालवायचे, निवृत्तीनंतर हौसेने बोट घेतली, आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून विकायला काढलेली. यांनी फोनवर सकाळी अकराची वेळ ठरवली होती. सुर्वे म्हणाले होते, "या की!" आम्ही दहा मिनिटं आधी हजर. हातात संत्रा बर्फीचा डबा.

धक्क्यावर उभं राहून बघते तर खाडीत पाणीच नाही. लांबच्या लांब काळा चिखल, त्यात खेकडे फिरतायत, आणि मधोमध आमची भावी बोट एका कुशीवर कलंडून पडलेली, दुपारी जेवून आडव्या झालेल्या म्हशीसारखी.

"पाणी कुठं गेलं?" मी विचारलं.

लंगोटीसारखा पंचा नेसलेले एक आजोबा जाळं विणत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. त्यांचं बरोबर होतं. भरती-ओहोटी हा धडा मी उभा जन्म शिकवला. चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले, पाच गुणांचा हमखास प्रश्न म्हणून चौकट करून दिली. आणि बोट बघायची वेळ ठरवताना समुद्राला विचारावं लागतं हे मला एकदाही सुचलं नाही. यांना तर नाहीच. यांचं पाणी पंपाने येतं आणि बटणाने थांबतं.

तेवढ्यात सुर्वे आले. "ओहोटी आहे हो आता. तीनच्या पुढे येईल पाणी."

"मंग तुम्ही अकराले काहून बोलावलं?" यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात अकरा. मी म्हटलं, पाहुणे लांबचे, जेवूनबिवून बघतील सावकाश."

हे सावकाश बघणाऱ्यातले नाहीत. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून गेले, तिरप्या शिडीने चढले, इंजिनावरची फळीची झडप उघडली आणि कमरेपर्यंत आत गेले. धक्क्याजवळच्या सुर्वेंच्या घरी जेवायला दोनदा बोलावलं तेव्हा बाहेर आले. सुर्वेवहिनींनी सुरमई तळली होती, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सोलकढी. मी बोटं चाटली. यांनी सगळं खाऊन वर मला हळूच सांगितलं, "चांगलं हाय, पण तिखट नाही वं." आणि पुन्हा इंजिनाकडे गेले.

बोट घेणाऱ्यांसाठी खरी माहिती मला सुर्वेवहिनींकडून मिळाली, ती इथे देते. तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं, ते दरवर्षी खरवडायचं. पावसाळ्याआधी बोट ओढून वर काढायची, झाकायची, माणूस राखणीला ठेवायचा. कागदपत्रं वेगळी, विमा वेगळा. "यांनी त्या बोटीला जेवढं घासलंय ना," वहिनी म्हणाल्या, "त्याच्या निम्म्याने माझी एक कढई घासली असती तर देव भेटला असता. घेऊन जा हो एकदाची!" विकणाऱ्या घरातून इतका प्रामाणिक सल्ला मिळत नाही. मला सही न करण्यासाठी एवढं पुष्कळ होतं.

तीननंतर पाणी आलं. ते येताना आवाजही नाही. आधी चिखलात चमकत्या रेघा दिसल्या, मग रेघा जोडल्या गेल्या, मग बोट किंचित हलली आणि हळूहळू सरळ उभी राहिली. मी धक्क्यावर बसून हे सगळं बघितलं. फळ्यावर काढलेले बाण मला अगदीच भिकार वाटायला लागले.

बोट दोरीने धक्क्याला ओढून घेतली, शिडी लागली नाही, आणि आम्ही निघालो. सुर्वे चाकाशी, मी त्यांच्या शेजारी, आणि आमचे हे खाली इंजिनात. खाडीच्या तोंडाशी पाणी हिरव्याचं निळं झालं. लाटा आल्या. बोट वर जायची, खाली यायची, आणि मी पुढच्या लाटेची वाट बघायचे. सुर्वेंचे गुडघे दुखायला लागले तसे ते म्हणाले, "वहिनी, जरा धरता का? मी बसतो."

मी चाक धरलं. गाडीसारखं नसतं ते. वळवलं की लगेच वळत नाही, थोड्या वेळाने तिला पटतं.

"हात हलका ठेवा," सुर्वे म्हणाले. "ओढू नका तिला."

"पुढे काय आहे?"

"पुढे? काही नाही."

खरंच काही नव्हतं. टोल नाही, गतिरोधक नाही, नेत्याच्या वाढदिवसाचं होर्डिंग नाही. नुसतं पाणी, आणि बोट मी म्हणेन तिकडे चाललेली. मला रडू आलं. का आलं ते नीट सांगता येणार नाही. मला ते फार आवडलं, इतकं आवडलेलं मला बऱ्याच वर्षांत काही आठवत नाही. मी झडपेकडे तोंड करून ओरडले, "अहो, वर या! बघा तरी!"

खालून आवाज आला, "आलो, आलो!" मग झडपेतून एक काळा हात वर आला. "फडकं दे वं एखादं." मी रुमाल दिला. हात आत गेला. थोड्या वेळाने मी पुन्हा हाक मारली. "आलो ना!" पुन्हा तेच.

हे वर आले तेव्हा बोट धक्क्याला लागली होती. कपाळावर तेल, कोपराला खरचटलेलं, आणि चेहरा असा की मला कोराडीचे पहिल्या वर्षांतले हे आठवले. "काय मशीन हाय! इंजेक्टर थोडा मारून राहिला, बाकी एकदम टनाटन."

"समुद्र कसा वाटला?"

"समुद्र?" यांनी जरा आठवून बघितलं. "होता ना बाजूनं."

मला त्या क्षणी सगळं कळलं आणि माझा बेतही सापडला. सुर्वेंच्या पडवीत याच बोटीचं जुनं, काढून ठेवलेलं इंजिन गंजत पडलं होतं. दुपारी जेवायला जाता-येता यांनी त्याच्याकडे दोनदा वळून बघितलं होतं. मी म्हटलं, "बोट नको. तुम्हाले बोट नाही पाहिजे, मशीन पाहिजे. ते जुनं घ्या आणि घरी बसून खोला."

यांनी सुर्वेंच्या घराकडे वळून बघितलं. मग हसले. "हो नं वं. खरं हाय तुहं."

सुर्वेंनी भंगाराच्या भावात इंजिन दिलं. हापूसच्या पेट्या घेऊन नागपूरला निघालेल्या ट्रकातून ते आलं, आमच्या आधी पोचलं. आता आमच्या पोर्चमध्ये बोटीचं इंजिन आहे. त्याचा समुद्र आहे नऊशेच्या वर किलोमीटर लांब. शेजारी पाण्याचा ड्रम, कारण त्याला थंड ठेवायला पाणी लागतं, आणि भर उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कूलरला पाणी पुरत नाही तेव्हा हे यंत्राला पाणी पाजतात. पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा समोरचे निवृत्त बँकवाले तक्रार करायला आले. ते आता रोज येतात, स्वतःचा पाना घेऊन. हे सकाळी उठतात, बूट घालतात, पोर्चमध्ये जातात आणि जेवायलाच आत येतात. जेवताना बोलतात, सगळं इंजेक्टरबद्दल, पण बोलतात. प्लॉट जागेवर आहे. मी ठरवलं होतं ते सगळं झालं. इतका यशस्वी प्रवास आमच्या घरात कोणी केलेला नाही.

परवा संध्याकाळी मी पोर्चच्या पायरीवर मेथी निवडत होते. हे इंजिनाशी. मध्येच म्हणाले, "बरं झालं, तू नाही म्हटलं. बोट घेऊन काय करणार होतो आपण? तुले तर पाण्याची हौसबी नाही."

इंजिन सुरू होतं, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं. "मले पाहिजे होती ती बोट!"

यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. "काय म्हटलं?"

"मले पाहिजे होती."

"मंग तिथं काहून नाही सांगितलं?"

"हाका मारल्या होत्या. दोनदा. तुम्ही वर आलेच नाही."

यांनी हातातला पाना ड्रमवर ठेवला. मग हात पुसले आणि माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले. मेथीची जुडी स्वतःकडे ओढून घेतली.

"सांग," म्हणाले. "वर काय होतं?"