वॉटी बेवरिजचा उत्तरार्ध

वॉटी बेवरिज मला आधी ऐकू आला, दिसला पुष्कळ नंतर. किल्मोर्डीत औषधांचं दुकान घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शनिवारची दुपार, दार बंद, काचा बंद, बाहेर समुद्रावरचा वारा कुणाचं तरी धुराडं उपटून न्यायच्या बेतात. एवढ्यात कुठूनसा असा आवाज आला की फळीवरच्या खोकल्याच्या बाटल्या एकमेकींना बिलगल्या. समोरच्या छपरावरचे सीगल उठले आणि, माझी खात्री आहे, थेट नॉर्वेला जाऊन उतरले. बंदरात शिरणारी एक मच्छीमार बोट परत फिरली. गुडघ्याचं मलम घ्यायला आलेल्या म्हातारीने मात्र मानसुद्धा वर केली नाही. ती म्हणाली, "पंचांनी ऑफसाइड दिलं असेल."

असा गळा असलेला माणूस किमान सात फुटी असणार आणि त्याला साखळीने बांधून ठेवत असणार, अशा कल्पनेने मी पुढच्या शनिवारी दुकान लवकर बंद करून किल्मोर्डी थिसल या गावच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर गेलो. मध्यंतर संपत आलं होतं. गोलच्या मागे, लोखंडी दांडीला रेलून, माझ्या खांद्याला लागेल एवढा एक वाळका माणूस उभा होता. टोपी कानांवर ओढलेली. गळ्यातला मफलर एके काळी डाळिंबी असावा. आता तो शिळ्या बिटाच्या रंगाचा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो मान न वळवता म्हणाला, "पोरा, तू माझ्या बायकोच्या जागेवर उभा आहेस."

मी गडबडून बाजूला होणार, तेवढ्यात मागून एक बाई आली. ती त्याच्याहून बुटकी होती, ॲप्रनवर रश्शाचे डाग होते. "राहू दे रे त्याला," ती म्हणाली. "नवीन आहे. मी त्याच्या खांद्यावरून बघेन." तिचं डोकं माझ्या कोपराशी होतं.

ही नेटा. मैदानाच्या कोपऱ्यातल्या टपरीत ती खिमा भरलेल्या गरम पाई विकायची. टपरीची सगळी धावपळ सामना सुरू व्हायच्या आधीपासून मध्यंतर संपेपर्यंत. त्यामुळे उभ्या आयुष्यात तिने थिसलचा एकही पूर्वार्ध पाहिला नव्हता. तिचं फुटबॉल सुरू व्हायचं ते मध्यंतरानंतर.

आमच्या मैदानाला दोन टोकं आहेत. एक समुद्राकडचं आणि दुसरं थडग्यांकडचं, म्हणजे भिंतीला लागून गावची दफनभूमी. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्याच्या मागे आपण उभं राहायचं, ही इथली रीत. नाणेफेक जिंकली की थिसलचा कप्तान पहिल्यांदा समुद्राकडे खेळायला घेतो. मध्यंतर झालं की सगळं गाव पाई आणि गरम बोव्हरिलचे, म्हणजे मांसाच्या अर्काचे, पेले सांभाळत, घसरत, शिव्या देत मैदानाच्या कडेकडेने थडग्यांकडे जातं. लांबून पाहणाऱ्याला ही प्रेतयात्राच वाटावी, आणि थिसलचा खेळ पाहिल्यावर ते फारसं चूकही वाटत नाही.

वॉटी सोळाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. खाण बंद पडली. मग तो बिस्किटांच्या कारखान्यात लागला, तोही बंद पडला. मग बसच्या डेपोत गेला आणि वर्षभरात डेपो शेजारच्या गावी हलवला. तो कामाला लागतोय म्हटल्यावर मालक घाबरत असावेत. फक्त थिसल तेवढं टिकलं, तळाच्या लीगमध्ये, तळाला घट्ट धरून.

पण गावात दुसरं उरलं तरी काय होतं? बँक गेली, सिनेमा गेला, चर्चमध्ये कुणी गालिचे विकायला लागला. मग मैदानावर प्रेक्षकांच्या स्टँडखाली जी लांबट खोली होती, तिच्यात सगळं आलं. मंगळवारी तिथे विसरत चाललेले म्हातारे जमतात; त्यांना नातवंडांची नावं सापडत नाहीत, पण जुन्या संघाचा डावा बॅक कोण ते बरोबर सांगतात. शुक्रवारी सूप आणि पाव. गुरुवारी ज्यांच्या घरी काही नाही त्यांना डबाबंद अन्नाच्या पिशव्या. त्या पिशव्या वॉटी वाटायचा. हात पुढे करणाऱ्याला खाली बघायला तो वेळच द्यायचा नाही. "घे, बीन्स आहेत. तुझ्या स्वयंपाकापेक्षा बरे," असं म्हणून पिशवी छातीवर आदळायचा. माणूस ओशाळायचं विसरून भांडायला लागायचा आणि भांडता भांडता पिशवी घेऊन घरी जायचा.

शनिवारी तो गळा मोकळा करायचा. लाइन्समनला विचारायचा, झेंडा वर धरलायस की वाळत घातलायस. सोमवारी सकाळी दुकानात येऊन बोटानेच घशाच्या गोळ्या मागायचा. नेटा शेजारी उभी राहून सांगायची, "दोन पाकिटं द्या. घरात शांतता असते, पण फार दिवस बरी नाही वाटत."

नेटा नोव्हेंबरात गेली. आपल्या राखेचं काय व्हावं आणि कुठे व्हावं ते तिने आधीच सांगून ठेवलं होतं. भिंतीपलीकडे रीतसर दफनभूमी होती, पण तिला भिंतीच्या अलीकडे यायचं होतं: थडग्यांकडच्या गोलसमोर, कारण थिसलचा गोल झालाच तर इथे होतो, आणि आपल्याला इथलंच काय ते माहीत आहे.

असं करायला क्लबची ना नव्हती. आमच्या मैदानात बरेच जण आहेत. पाद्री आले, खेळाडू ओळीने उभे राहिले. राख चिमटीचिमटीने सगळीकडे भुरभुरायची असते. पण त्या दिवशी वारा समुद्रावरून सुसाट होता आणि गोलच्या मागे पाहुण्या संघाचे समर्थक येऊन उभे होते. नेटा उडून पोर्टलेचीच्या लोकांच्या मफलरांवर जाईल, या भीतीने वॉटीने सगळी राख गोलसमोर एकाच जागी ओतली आणि बुटाने दाबून बसवली. पाद्रींनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा काम झालेलं होतं.

एवढ्या राखेने वसंतात तिथलं गवत जळलं. ताटाएवढा करडा चट्टा पडला. मैदान सांभाळणारा साइम दर वर्षी तिथे बी पेरायचा आणि दर वर्षी हात टेकायचा. "वॉटी, तुझी बायको काही उगवू देत नाही," तो म्हणायचा. वॉटी म्हणायचा, "माझंही हेच होतं, पन्नास वर्षं." एकदा थिसलचा एक लेचापेचा फटका त्या चट्ट्यावर पडून असा काही उसळला की पाहुण्यांचा गोलकीपर एकीकडे आणि चेंडू जाळ्यात. वॉटी ओरडला नाही. टोपी काढून उभा राहिला. दांडीपाशी त्याच्या शेजारची जागा मोकळीच असायची. नवखा कुणी तिथे घुसला तर तो फक्त म्हणायचा, "पोरा, इथे माणूस आहे."

त्यानंतरचे हिवाळे वाईट आले. जुन्या खाणीमुळे जमीन खचलेली, पाणी जाईना. शुक्रवारी संध्याकाळी पंच येऊन बूट रोवून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटच्या हिवाळ्यात तर आठवडेच्या आठवडे फाटकाला कुलूप. सामना नाही म्हणजे तिकीट नाही, पाई नाही. आणि सूप, पिशव्या, मंगळवारचे म्हातारे, सगळं त्यावरच चालायचं. गुरुवारच्या पिशव्या हलक्या व्हायला लागल्या.

क्लबच्या अध्यक्षा मोइरा किनिअर. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. अजूनही त्या खोलीत आल्या की लोक च्युइंगगम गिळतात. त्यांनी मार्ग काढला. सरकारी अनुदानातून प्लास्टिकचं गवत. पावसात चालेल, थंडीत चालेल, शनिवारी खेळ आणि बाकीचे दिवस शाळांना, बायकांच्या संघांना, चालत चालत फुटबॉल खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना भाड्याने. पण त्यासाठी सगळं मैदान हातभर खोल उकरायचं.

सगळं म्हणजे गोलसमोरचंसुद्धा.

क्लब सभासदांचा होता, निर्णय हात वर करून व्हायचा. आणि वॉटी ज्या बाजूला हात वर करील त्या बाजूला अर्धा गाव हात वर करणार, हे मोइराबाईंना माहीत होतं. सभेआधी त्या त्याच्या घरी गेल्या. तेवढा चौकोन साइमकडून अलगद काढून घेऊ, म्हणाल्या, मोठ्या कुंडीत नीट लावून देऊ.

"नेटाला कुंडीत?" वॉटी म्हणाला. "बाई, ती काय पुदिना आहे?"

मोइराबाई चहा न घेता परत आल्या आणि गावात बातमी पसरली की प्लास्टिक काही होत नाही.

सभेला स्टँडखालची खोली गच्च भरली होती. ओल्या कोटांचा वास, खिडक्यांवर वाफ. काही जण म्हणाले, प्लास्टिकवर खेळणं म्हणजे फुटबॉल नव्हे, आणि आमचे आईबाप त्या मातीत आहेत. काही म्हणाले, आईबाप आहेत पण पोरं कुठे आहेत. साइम म्हणाला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण एकदा काय तो निर्णय घ्या. मग वॉटी उठला आणि पुढच्या रांगेतल्यांनी सवयीने कान झाकायला हात उचलले. पण तो इतक्या हळू बोलला की मागचे लोक पुढे सरकले.

"या हिवाळ्यात फाटकाला कुलूप असताना मी दर शनिवारी इथे आलो," तो म्हणाला. "वाटलं, मूर्ख मी एकटाच असेन. बघतो तर पावसात तुम्ही सगळे उभे. खेळ नाही, पाई नाही, आणि घरी जायला कुणी तयार नाही." त्याने टोपी खुर्चीवर ठेवली. "नेटाने आयुष्यात गिऱ्हाईक परत पाठवलं नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, आधी दार उघडा."

आणि त्याने हात वर केला. मग बाकीच्यांनी केले.

खोदाईच्या आदल्या दिवशी साइम फावडं घेऊन त्याच्याकडे गेला होता, चौकोन काढून देतो म्हणाला. वॉटीने नको म्हटलं. इतक्या पावसांत ती कुठे कुठे झिरपली असेल, एक तुकडा घरी न्यायचा आणि उरलेली फेकून द्यायची, हे त्याला पटेना. मोइराबाईंनी शब्द दिला की माती मैदानाबाहेर जाणार नाही. वारा अडवायला समुद्राच्या बाजूला तिचा बांध घालू. त्यावर वॉटी जरा हसला. "बरं झालं," तो मला म्हणाला. "एकदा तरी पूर्वार्ध बघेल."

त्या शरदात नवं मैदान झालं. हिरवंगार, वर्षभर सारखंच, दातांच्या जाहिरातीतल्यासारखं. रोज दिवे, रोज पोरं, रोज टपरी उघडी. गुरुवारच्या पिशव्या पुन्हा जड झाल्या. मोइराबाईंचं सगळं म्हणणं खरं ठरलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. नव्या नियमांप्रमाणे गोलच्या मागे मोकळी जागा सोडावी लागते, आणि थडग्यांकडे तर भिंतच. म्हणून तिथली उभं राहायची पट्टी गेली, लोखंडी दांडी गेली. आता सगळ्यांनी समुद्राच्या बाजूलाच थांबायचं. पहिल्या सामन्यात मध्यंतर झालं तशी वॉटीने पाई घेतली, सवयीने चालायला लागला, आणि कोपऱ्यात नव्या जाळीपाशी जाऊन उभा राहिला. मागून आणखी बरेच जण आले. थोडा वेळ सगळे तिथेच पाई खात उभे राहिले आणि परत फिरले.

उत्तरार्ध लांबून दिसायचा, मुंगीएवढा. वॉटी त्याकडे पाठ करून बांधाकडे बघत उभा राहायचा. हळूहळू तो मध्यंतरालाच घरी जायला लागला. लाइन्समन सुखाने झेंडे वर करायला लागले. सोमवारी वॉटी दुकानात येईना. घशाच्या गोळ्यांची एक पेटी माझ्याकडे मुदत संपून गेली.

पुढच्या वसंतात तो एकदा मला बांधावर दिसला, वाकून, टोपी हातात. मला वाटलं काही पडलं असेल. विचारलं तर म्हणाला, चट्टा शोधतोय. ती जिथे असेल तिथे उगवणार नाही, मग कळेल आणि तिथे उभं राहता येईल. मीही शोधायला लागलो. आम्ही बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. त्या वर्षी बांधावर गवत असं माजलं होतं की कुठे वीतभर जमीन दिसत नव्हती.

"सगळीकडे उगवलंय," वॉटी म्हणाला. "हट्टी बाई. आता उगवू द्यायला लागली."

मी म्हटलं, इथेच कुठे तरी असणार ती.

"हो," तो म्हणाला. "कुठे तरी."

वॉटी फेब्रुवारीत गेला. प्लास्टिकच्या मैदानावर राख टाकायला परवानगी नाही, आणि बांधामुळे शेजारच्या गल्लीत पाणी तुंबतं म्हणून कौन्सिलने तो हलवायला सांगितला होता. त्यामुळे वॉटीला भिंतीपलीकडे दफनभूमीत जागा दिली. बांधाची माती एप्रिलमध्ये बायपासच्या भरावाला गेली.