हळदीची धुरी

बायकोच्या गोळ्या मी बंद केल्या. एवढंच एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

तिला लहानपणी क्षय होऊन गेला होता. त्यानं छातीत पोकळी राहिली होती आणि त्या पोकळीत बुरशी धरली, असं नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं. गोळ्या सहा महिने, खंड पाडायचा नाही. गोळ्यांनी तिला मळमळायचं, भाकर समोर नको व्हायची. तिसऱ्या आठवड्यात जवळा बाजारच्या एका जडीबुटीवाल्यानं मला सांगितलं, गोळ्या काळीज जाळतात, बुरशीला धूरच मारतो. मला पटलं. आम्ही हळद पिकवणारी माणसं. जखमेला हळद, खोकल्याला हळद. घरात पोत्यांनी औषध पडलेलं असताना नांदेडचे खेटे कशाला, असं वाटलं. गोळ्यांचा डबा मी माळ्यावर ठेवून दिला.

मग रोज सकाळी निखाऱ्यावर हळकुंडाचा चुरा, वर थोडं तूप. डोक्यावरून गोधडी घेऊन ती धूर ओढायची. खोकून खोकून डोळे लाल व्हायचे. "कफ सुटून राहिला," मी म्हणायचो.

त्याच श्रावणात आमच्या हळदीला कंदकूज लागली. तीही बुरशीच. मी वसमतहून औषध आणलं, दुकानदाराला प्रमाण दोनदा विचारलं, आणि एकही सरी न सोडता झाडांच्या बुडाशी ओतलं. तिथं धुरी करावी असं मनातही आलं नाही. ती बांधावर बसून बघत होती.

"अव्हो, हळदीला औषध आन् मला हळद? काहून?"

मी हसलो. तीही हसली. हसता हसता खोकला आला आणि तोंडाला लावलेला पदर रक्तानं भिजला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?" तिचा भाऊ शेजारीच उभा होता. मी हातातल्या कागदांकडे बघत राहिलो. तीच म्हणाली, "मलाच जात न्हवत्या, डॉक्टरसायब."

नवव्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून दर वर्षश्राद्धाला तिचा भाऊ म्हणायचा, "दाजी, तुमी लई केलं. आमचीच हेकट." मी मान हलवायचो. यंदा पानावर बसल्यावर तो तेच म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. ती घेत होती. मीच बंद केल्या."

त्यानं कालवलेल्या भातातून हात काढला.

"मायीला बी मी तिनंच सोडल्या म्हून सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मरेपर्यंत पोरीलाच बोल लावत गेली ती."

आणि घास न घेता पानावरून उठला.