त्याचे सहा, माझे सहा

कॅमेरा आधी आला, बातमी नंतर. शुक्रवारी संध्याकाळी डिचोलीहून म्हापशावरून येणारी गाडी पेडण्याच्या बाजारात थांबली आणि सोनू कंडक्टरने नेहमीप्रमाणे खिडकीतूनच ती कापडी पिशवी माझ्या हातात दिली. सोबत निरोप होता. "मास्तर, उल्हासबाबान सांगलां, म्हाजे जाले, आता तुजे. आनी सांगलां, यंदा पुनवेक येतां." मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की येतां म्हणाला? सोनू वैतागला. "येतां म्हणल्यार येतां मास्तर," म्हणाला आणि त्याने घंटी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव घेऊन परतत होतो, तर तीच गाडी आली आणि सोनू खाली उतरला. तो कधी उतरत नसे. माझ्याकडे न बघता, तिकिटांची पेटी चाचपत म्हणाला, "मास्तर... उल्हासबाब काल सांजेचो गेलो." पावाची पिशवी घेऊन मी तसाच त्याच्या गाडीत बसलो.

उल्हास आणि मी म्हापशाच्या कॉलेजात एका बाकावर बसलो, तिथून ही मैत्री. पुढे तो आपल्या डिचोलीला खाणीच्या कंपनीत नकाशे काढायला लागला आणि मी पेडण्याला हायस्कुलात मराठी शिकवायला. उंच, किडकिडीत, गाडी चुकत असल्यासारखा चालणारा माणूस. फक्त कॅमेरा हातात आला की गडी एकदम थंड. तो कॅमेरा आम्ही दोघांनी मिळून घेतला होता. पणजीच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याने नजर अधू झाल्यावर विकायला काढलेला, एकावर एक दोन भिंगांचा, वरून मान घालून बघायचा, रुंद फिल्मचा. एका रोलवर चौकोनी बारा फोटो. एकट्याला झेपणारा नव्हता आणि दोघांनाही सोडवत नव्हता. परतताना बसमध्येच उल्हासने तोडगा काढला. "बारा आसात न्हय? स म्हाजे, स तुजे."

हा तोडगा आम्ही जन्मभर पाळला. आपले सहा झाले की कॅमेरा पिशवीत घालून गाडीवर द्यायचा. दुसऱ्याने आपले सहा काढून रोल संपवायचा, घरच्या न्हाणीच्या खिडकीला घोंगडी लावून तो धुवायचा, दोघांसाठी कागदावर ठसे काढायचे, मग नवा रोल घालून त्यावर आपले सहा, आणि कॅमेरा परत. म्हणजे प्रत्येक रोल अर्धा त्याचा, अर्धा माझा. त्याच्या घरात काय चाललंय ते मला ओल्या निगेटिव्हवर दिसायचं आणि माझ्या घरातलं त्याला. नियम एकच होता, पण कडक. या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवायची चावी हाताने फिरवावी लागते. विसरलात तर त्याच जागेवर दुसरा फोटो बसतो. सुरुवातीला एकदा असंच झालं. मला वाटलं तो फिरवेल, त्याला वाटलं मी फिरवलीय, आणि आमच्या भगवतीच्या देवळापुढच्या दोन दगडी हत्तींच्या मधोमध उल्हासची आई मिरच्या वाळत घालताना उमटली. आई ठसा बघून हसत सुटली, उल्हास मात्र आठवडाभर फणफणत होता. तेव्हा ठरलं, की देणाऱ्याने सहावा काढून कॅमेरा तसाच द्यायचा. चावी फिरवायचं काम घेणाऱ्याचं. पिशवी हातात आली की आधी चावी, मग चहा.

लोक विचारायचे, आता छत्तीस फोटोंचे छोटे कॅमेरे आले, रंगीत रोल आले, तुम्ही ही पेटी पोटाशी धरून का फिरता? मला नीट सांगता यायचं नाही. उल्हासला यायचं. "छत्तीस आसले जाल्यार पळयता कोण?" म्हणायचा. छत्तीस असले तर बघतं कोण, खरंच आहे ते. सहाच आहेत म्हटल्यावर माणूस आधी बघतो. त्या दुधी काचेत सगळं उजव्याचं डावं दिसतं, त्यामुळे रोजची गल्लीसुद्धा नवी वाटते. समोरच्यावर डोळा रोखायचा नसतो, मान खाली असते, म्हणून म्हातारीकोतारीही अवघडत नाहीत. त्यांना वाटतं हा खाली पडलेलं काहीतरी शोधतोय. निगेटिव्ह एवढी मोठी, की खिडकीशी धरली तरी कपाळावरच्या आठ्या ओळखू येतात. आणि काढलेला फोटो लगेच बघायची सोय नाही... दिवसचे दिवस तो आत अंधारात असतो आणि आपण बाहेर त्याच्या आशेवर. या वाट बघण्यातच निम्मी मजा होती. आता तिथेच माझा जीव अडकून पडला आहे.

मग ते भाषेचे दिवस आले, गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादाचे. गोव्यात तेव्हा घराघरात जे झालं ते माझ्याही बल्कांवात झालं. आमच्याकडे दारापुढच्या या पडवीत बसायला बांधीव बाक असतो, त्याला सोपो म्हणतात. माझ्या सोप्याची उजवी बाजू उल्हासची, तिथे दुसरं कोणी बसलं तर तो उभाच राहायचा. त्या दुपारी तो कोकणीच्या बाजूने बोलत होता, मी मराठीच्या. चहा तसाच निवला. "आवयकडेन उलयता ती भास कागदार बरोवंक तुका लज दिसता?" आईशी बोलतो ती भाषा लिहायची लाज वाटते का, असं तो विचारत होता. मी म्हणालो, "आनी तुज्या देवळांत भजन खंयच्या भाशेंत म्हणटात रे?" शब्दाने शब्द वाढला. यातली गंमत, तिला गंमत म्हणायचं तर, अशी की हे सगळं आम्ही ज्या बोलीत भांडलो ती मराठीची की कोकणीची, तेच तर भांडण होतं. शेवटी तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "तुज्या सोप्यार परत बसचो ना." नको बसू, मी म्हणालो. माझी बायको आतून धावत आली तोवर तो बाजाराच्या वळणावर पोचला होता.

मला वाटलं, आता कॅमेरा काही येत नाही. पण तो यायच्या शुक्रवारी बरोबर आला. निरोप नव्हता. मी चावी फिरवली, माझे सहा काढले, रोल धुतला. त्याचे सहा त्यांच्या मोर्चाचे होते, माझे सहा आमच्या सभेचे. ठसे ओळीने मांडले तर त्यांचे कुठे संपतात आणि आमचे कुठे सुरू होतात ते माझं मलाच कळेना. उन्हाने तापलेली तीच माणसं, ओरडून सुकलेले तेच चेहरे. त्याचा संच मी पिशवीत घालून पाठवला. पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. बोलणं नाही, येणंजाणं नाही, पण कॅमेऱ्याची फेरी एकदाही चुकली नाही. त्यातून मला त्याच्या मुलीचे, वैजूचे, पडलेले दात दिसले, मग दोन वेण्या दिसल्या, मग फ्रॉक जाऊन पंजाबी ड्रेस आला. वहिनींना चष्मा लागला. दारातला माड पडला. फक्त उल्हास कुठे दिसला नाही, कारण फोटो काढणारा फोटोत नसतो. तो आता कसा दिसतो, ते मला माहीत नव्हतं.

गोवा राज्य झालं, त्यालाही बरीच वर्षं लोटल्यावर एका शुक्रवारी सोनूने पिशवीबरोबर पुन्हा तो निरोप दिला. "म्हाजे जाले, आता तुजे." बाजारात उभ्याउभ्या माझे डोळे भरून आले, आणि सोनूला दिसू नये म्हणून मी पिशवीतच डोकं घातलं. हळूहळू निरोप वाढले, माझ्या फोटोंच्या खोड्या काढू लागले. मास्तराक सांग, आभाळ पुरो, माणसां काड. पण सोप्याचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. दोघांच्याही मानेत एकच सळी घातलेली. आणि यंदा गणपतीची चवथ झाल्यावर तो निरोप आला, पुनवेक येतां. कोजागरीची पुनव ही पेडण्याची मोठी जत्रा, तिला आलेला माणूस आपल्या माणसाच्या घरी टेकल्याशिवाय जात नाही. म्हणजे तो सोप्यावर बसणार होता! मी घरी कसा पोचलो ते मला ठाऊक नाही. तिरपं ऊन सोप्याच्या बैठकीवर पडलं होतं, मागची भिंत सावलीत होती. इथे बसेल तो, असं म्हणत मी कॅमेरा काढला आणि त्या रिकाम्या सोप्याचा फोटो घेतला. मग बायकोला चहा टाकायला सांगितला. तिकडे उल्हास त्याच सुमाराला कामावरून येऊन खुर्चीत बसला होता, आणि पाणी घेऊन आलेल्या वहिनींना तो उठवता आला नाही.

मी डिचोलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. रात्रीच नेलं म्हणाले. मला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मधूबाब, सगळ्यांचे फोटो काडले, आपलो एक ना दवरूंक." लग्नातला तेवढा होता, त्यातला मुलगा कुणाला ओळखू आला नसता. तेव्हा वैजू म्हणाली, "आसा गे आई. काल सकाळीं म्हाजेकडेन काडून घेतलो बाबान." कामावर निघायच्या आधी तो दाराच्या काळोखात खुर्ची टाकून बसला, पांढरा शर्ट घालून, आणि तिच्या हातात कॅमेरा दिला. असं कधी केलं नव्हतं, म्हणून तिने विचारलं, कित्याक? तर म्हणाला, "मधू इतल्या वर्सांनी मेळटलो. म्हाका वळखूंक जाय न्हय?" मला त्याचा आताचा चेहरा ओळखता यावा, म्हणून. तोच शेवटचा होता, वैजू म्हणाली, सहावा. वहिनींनी माझ्याकडे अशा आशेने बघितलं, की मला त्यांच्याकडे बघवेना. काल पिशवी उघडल्यावर मी चावी फिरवल्याचं मला आठवत नव्हतं.

कॅमेऱ्याच्या पाठीला एक तांबडी काच असते, तिच्यातून फिल्मवरचा आकडा दिसतो. घरी येऊन पिशवी उघडली. आकडा सहा होता. सात असायला हवा होता. एवढ्या वर्षांत कधी न चुकलेली गोष्ट मी आनंदाच्या भरात चुकलो होतो, आणि ज्याला बघायला जीव तळमळत होता त्याच्यावरच माझा रिकामा सोपा छापून बसलो होतो. कितीतरी दिवस मी रोल बाहेर काढला नाही. धुतला नाही तोवर तो आत धड असेल, असं उगाच वाटायचं. बाराव्याच्या आधी वहिनींना फोटो द्यायला हवा म्हणून शेवटी न्हाणीची खिडकी बंद केली. उरलेले सहा मी काढले नाहीत. काढायचं काय? रिकामेच गुंडाळले. निगेटिव्ह बाहेर काढून खिडकीशी धरली, पण एकावर एक दोन चित्रं, काही ठरेना. ठसा काढल्यावर दिसलं. माझी भिंत सावलीत होती, म्हणून त्याचा चेहरा वाचला होता... केस पांढरे, गाल बसलेले, पण तोच, ओठ दाबून हसू अडवणारा. त्याची खुर्ची माझ्या सोप्यावरच्या उन्हात पार पुसून गेली होती. पांढऱ्या शर्टातला उल्हास माझ्या बल्कांवात, माझ्या सोप्यावर, उजव्या बाजूला बसला होता. त्याच्या छातीतून माझ्या भिंतीची एक भेग आरपार दिसत होती.

म्हापशाच्या स्टुडिओतून मी तो मोठा करून घेतला आणि डिचोलीला नेला. वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं दारातच विसरलो. वहिनींनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ धरला. मी म्हणालो, चावी फिरवायला विसरलो, वहिनी, माझ्यामुळे बिघडला. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. भांडणाच्या दिवशी तो काय बोलून उठला होता ते त्यांना माहीत होतं, त्याने घरी येऊन सांगितलं होतं. बोटाने सोप्याची कड चाचपत त्या म्हणाल्या, "शेवटाक बसले मगे तुमच्या सोप्यार." मग मात्र त्यांना आवरलं नाही, आणि मलाही. वैजूने तो फोटो आमच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवून ठेवला.

पुनव झाली. ढोलांचा आवाज रात्रभर घरापर्यंत येत होता, पण मी देवळाकडे गेलो नाही. सोप्यावर डावीकडे बसून राहिलो. कॅमेरा वैजूकडे दिला होता, तिने परत माझ्या खांद्याला लावला; म्हणाली, तुमीच दवरा काका. त्यात मी नवा रोल घातला आहे आणि माझे सहा काढूनही झाले आहेत. कशाचे काढले ते विचारू नका, सगळं आभाळच आहे. पिशवी दारामागच्या खुंटीला लावून ठेवली आहे. शुक्रवारी सोनूची गाडी येते, तो खिडकीतून माझ्या रिकाम्या हातांकडे बघतो आणि घंटी मारतो. घरी येऊन मी कॅमेरा काढतो, पुसतो, तांबड्या काचेतला सहाचा आकडा बघतो आणि पुन्हा पिशवीत ठेवतो. चावी फिरवत नाही. ते काम घेणाऱ्याचं.