रंधा मशीनच्या पाट्यावरचा खड्डा

दोंडाईच्याच्या गाडीत बसलो तेव्हा मी भांडणाची तयारी करूनच निघालो होतो. वहिनींचा फोन आला होता. भावाने कारखाना बंद केला, गुडघे चालत नाहीत, भंगारवाला रंधा मशीन न्यायला येतोय, तुम्हाला पाहिजे असेल तर या. मला पाहिजे होतं. आम्ही वेगळे झालो त्या दिवसापासून पाहिजे होतं.

ते मशीन दोघांनी मिळून घेतलेलं. दोन बिडाचे पाटे, एक पुढे, एक मागे, आणि मधे पाती लावलेला फिरता ड्रम. वाकडी फळी पुढच्या पाट्यावरून ढकलली की तासली जाऊन मागच्या पाट्यावर सरळ होऊन निघते. भाऊ लाकूड बघायचा, मी गिऱ्हाईक. सागाच्या वखारीत भाव पाडायला मीच जायचो आणि पाडूनच यायचो. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा मोठा म्हणून वाटणी त्यानेच केली आणि मशीन स्वतःकडे ठेवलं. मी विचारलं तर म्हणाला, "तुले बोलता येस. तू कोठेबी उभा ऱ्हाशी."

उभा राहिलो. जळगावात प्लायवूडचं दुकान टाकलं, घर बांधलं, मागे पत्र्याची शेड काढली. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. बोलता येतं म्हणून त्याला काही द्यायचं नाही, ही कुठली वाटणी? दसऱ्याला धाकट्याने मोठ्याकडे सोनं द्यायला जावं ही आमच्या घरची रीत. मी जायचं सोडलं.

कारखान्याच्या ओट्यावर भाऊ बसला होता. म्हातारा दिसत होता. मी विचारलं, "भंगारवाला काय भाव देतो?"

"त्याले इचार."

"तुला काय पाहिजे?"

"तुले जे वाटी ते दे."

गाडीत मी इतकं काय काय जुळवलं होतं. तो वर चढेल, मी खाली ओढीन, मग जुनं सगळं निघेल आणि एकदाचं तोंडावर बोलून होईल. समोरचा भावच सांगेना म्हटल्यावर माझ्यासारख्याने काय करायचं? पैसे वहिनींच्या हातात दिले आणि सगळा राग टेम्पोवाल्यावर काढला. तो बिचारा नरडाण्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. तिथे चहा पिताना म्हणाला, "शेठ, मशीन तुमचं आहे की चोरीचं? मघापासून मागे वळून वळून बघताय म्हणून विचारलं."

शेडमध्ये उतरवून घेतलं तेव्हा कळलं की आपण काय आणलंय. पाटे तांबूस झालेले. ड्रम हाताने फिरवला की जातं फिरवल्यासारखा आवाज. पाटा वरखाली करायचा स्क्रू गंजून बसलेला. दुकान नसेल त्या दुपारी मी तिथे बसायचो. सांध्यांत डिझेल सोडायचं, वाट बघायची, पाना लावायचा, शिव्या द्यायच्या, परत डिझेल सोडायचं. पूर्वी हेच काम करताना शीण जाणवायचा नाही. आता अर्ध्या तासात खांदा भरून यायचा आणि मी पाना हातात धरून नुसता बसून राहायचो.

बेअरिंगच्या दुकानात किमतीवरून वाजलं. दुकानदार पोरगेलाच होता. म्हणाला, "काका, जुनं बेअरिंग गरम होतं म्हणता, पण आधी तुम्ही थंड व्हा." मी निघून आलो. दुसऱ्या दुकानात तोच भाव होता, म्हणून परत त्याच्याकडेच गेलो. बायको चहा घेऊन यायची आणि उंबऱ्यातूनच सांगायची, "नवीन घेतलं असतं तर एव्हाना पलंग झाला असता." मला पलंग करायचा नव्हता. मशीन सरळ चालवून दाखवायचं होतं. कोणाला, ते तिलाही माहीत होतं.

पाटा रॉकेलने घासता घासता पुढच्या टोकाला बोट अडकलं. तिथे कुंकवाचा थर दगडासारखा बसला होता. खरवडला तर खाली खड्डा. गंजाने खाल्लेला, बोटाचं पेर बसेल एवढा.

मी लगेच ओळखला. दसऱ्याला भाऊ मशीनची पूजा करायचा आणि नारळ पाट्याच्या त्याच टोकावर फोडायचा. पाणी तिथेच सांडायचं, वर हळदकुंकू. त्या दिवशी मशीनला विसावा, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. बिडावर नारळाचं पाणी रात्रभर राहिलं तर काय होतं हे मला दिसत होतं. म्हणून पूजा झाली की भाऊ दाराकडे तोंड करून बसायचा तेव्हा मी चिंधीने टोक पुसून तेलाचं बोट फिरवायचो. तो बघत नाही असं बघूनच.

मी गेल्यावर कोणी पुसलं नाही. माझ्याशिवायची सगळी वर्षं तिथे खोदलेली होती.

पाटा ग्राइंडिंगला देऊन खड्डा घालवता आला असता. पण पट्टी ठेवून पाहिली तर बाकी पाटा सपाट होता, आणि फळीला खड्डा अडत नाही, उंचवटा अडतो. शिवाय तो पाटा उचलून गाडीत टाकण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. राहू दिला. पातळी जुळवायला मागच्या पाट्याखाली पितळी पत्रा घातला, पाती धार लावून बसवली. दोन फळ्यांच्या कडा तासून एकमेकींवर ठेवल्या, उजेडाकडे धरल्या. मधून उजेड आला नाही, म्हणजे कडा सरळ निघाल्या होत्या. मी फोन केला तो वहिनींना. म्हटलं, मशीन चालू झालं, सांगून ठेवा.

दसऱ्याला सकाळच्या गाडीने दोघं आली. मोठा भाऊ धाकट्याच्या दारात सोनं घेऊन आला. आपट्याची पानं माझ्या हातात कोंबून तो थेट मागे शेडमध्ये गेला.

"चालू करी दखाड," भाऊ म्हणाला.

मी बटणाकडे हात नेला. वहिनी म्हणाल्या, "आज दसरा शे. दोन्ही भाऊ ईसरी ग्यात का?"

म्हणजे उद्यापर्यंत थांबणं आलं. भावाने पाट्यावरून तळवा फिरवला. टोकाला येऊन थांबला. बोट खड्ड्यात घातलं.

"आठे कोन्ही पुसंच नई," तो म्हणाला. मग, "पुसनारा जळगावले निंघी गया ना."

"तुले माहीत व्हतं?" मी विचारलं.

"मन्हं मशीन व्हतं. माले माहीत नई ऱ्हाई का?"

"तुन्हं नई," मी म्हटलं. गाडीत जुळवलेल्यातलं हे एवढंच आठवलं. "दोन्हीस्नं व्हतं."

त्याने खड्ड्यातलं बोट बाहेर काढलं.

"व्हतं," म्हणाला.

याहून जास्त तो बोलणार नव्हता, आणि माझ्यातही ओढून काढायचं बळ नव्हतं. वहिनींनी पिशवीतून नारळ काढून दिला. मी पायरीकडे बोट दाखवलं, तिथे फोड म्हणून. त्याने ऐकलं नाही. पाट्याच्या त्याच टोकावर फोडला, कुंकू वाहिलं, हात जोडले. मग गुडघा धरत स्टुलावर बसला, दाराकडे तोंड करून.

पाणी खड्ड्यात साचत होतं. मी चिंधी शोधली.