इनासचं रॉकेट आणि लाल टोपीचा माणूस

बुडणारी होडी कशी दिसते, ते मला माझ्या भावाच्या रॉकेटने शिकवलं.

इनास आज पहाटे गेला. वय ऐंशी. झोपेतच गेला, कुणालाही त्रास न देता. आयुष्यभर भरपूर दिला होता, म्हणून शेवटी सूट दिली असेल.

खाली आरआयपी टाइप करून मोकळे होऊ नका. आधी वाचा. मी पंचाहत्तरची आहे आणि एका बोटाने टाइप करतेय.

आम्ही पाचूबंदरचे. बाबा मासेमारी करायचे, स्वतःची होडी स्वतःच दुरुस्त करायचे.

रशियाने स्पुटनिक सोडलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मास्तरांनी इनासला इंग्रजी मासिकातलं एक पान दिलं. चंद्रावर उतरलेल्या रॉकेटचं चित्र. गोल खिडक्या, शिडी, खाली तीन पंख.

झालं. पठ्ठ्याला वेड लागलं.

बाबांच्या उरलेल्या फळ्या घेतल्या. होडीची फळी विस्तवावर शेकून, पाणी मारत वाकवतात, तशा वाकवल्या. फटींत कापूस ठोकला, वरून राळ.

"गाढवा, हे कुठल्या पान्यात जानार?" बाबांनी विचारलं.

"पान्यात नाय बाबा. वर."

"मग कापूस कशाला? वर काय पानी शिरनार हाय?"

पण कापूस नीट कसा ठोकायचा, ते बाबांनीच दाखवलं.

तीन महिने गेले. रॉकेट माझ्या उंचीचं झालं. चहाच्या खोक्यांतला चंदेरी कागद अंगभर चिकटवला. खिडक्यांना बाटल्यांची हिरवी बुडं. रिवेट म्हणून पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ओळीने. एक चूक वाकडी गेली की अख्खी ओळ उपटायचा आणि पुन्हा ठोकायचा.

खिडकीच्या आत मातीचा माणूस बसवला. त्याला मिशा बाबांच्या.

त्याची लाल टोपी मी शिवली. बाबा दर्यावर घालून जायचे, अगदी तशी. मी आठ दिवस गावभर सांगत फिरत होते.

सोमवारी शाळेत प्रदर्शन होतं. शनिवारी इनासने रॉकेट राळ सुकायला अंगणात उभं केलं. पहिल्यांदाच. टोक आभाळाकडे.

त्या दुपारी वारा फिरला.

पहाटे गेलेल्या होड्या एकेक करत परत आल्या. बाबांची आली नाही. बाबांबरोबर शेजारच्या सांतानमावशीचा नवरा होता.

मावशी किनाऱ्यावरून आईला बघायला आली आणि रॉकेटसमोर थबकली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाळ वर करून होडी कधी उभी ऱ्हाते, ठाव हाय तुला?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. होडीत मागून पाणी भरतं, बूड खाली जातं आणि शेवटी नाळ तेवढी वर दिसते. मावशीचा बाप तसाच गेला होता. तिने किनाऱ्यावरून पाहिलं होतं.

तोवर आमच्यापैकी कुणाला ते दिसलंच नव्हतं. आता दिसलं. फळ्या होडीच्या, कापूस होडीचा, नाळ आभाळाकडे.

मावशी वाकली. खिडकीतून आत पाहिलं.

"आनि ह्यो कोन? लाल टोपीवाला?"

टोपी माझी होती.

"मावशे, ही होडी नाय. रॉकेट हाय." इनासचा आवाज फाटला.

"मंग मला होडी का दिसते?"

तिच्या मागे आणखी चार बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात कोयता.

इनासने आईकडे पाहिलं. आई दर्याकडे बघत होती. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

इनास महाहट्टी. मला वाटलं, आता भांडेल, मास्तरांचं विज्ञान सांगेल. पण त्याने रॉकेटला मिठी मारली आणि हळूहळू आडवं केलं. किनाऱ्यावर होडीला देतात तसे दोन्ही बाजूंना टेकू दिले. एक खिडकी तडकली. आतला माणूस त्याने काढून घेतला आणि मुठीत धरला.

मग आम्ही सगळे किनाऱ्यावर. बायकांची जपमाळ सुरू झाली. मी प्रार्थना विसरून त्याच्या मुठीकडे बघत होते. बाबा त्या मुठीतच आहेत असं मला वाटत होतं.

उन्हं उतरताना होडी दिसली. डोलकाठी मोडलेली. दोघं वल्ही मारत होते.

दोघंही.

बाबा अंगणात आले. बोडके, गारठलेले. आई तेव्हा कुठे रडली.

"हे आडवं कोनी केलं?"

"मी," इनास म्हणाला.

"मी सांगितलं त्याला," मावशी म्हणाली. नवऱ्याचा ओला सदरा तिने सोडला नव्हता.

बाबांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "बरोबर केलंस," ते इनासला म्हणाले. "आता आमी आलो. उभं कर."

इनासने मूठ उघडली. बाबा त्या मातीच्या माणसाकडे बघत राहिले.

"माझी टोपी दर्याने नेली. ह्याची हाय ना? बसव ह्याला परत."

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, होडीसारखं दिसतं!

पण घरात नियम झाला. बाबा दर्यावर गेले की इनास रॉकेट आडवं करायचा, परतले की उभं. बाबांनी दर्या सोडेपर्यंत एक दिवस चुकला नाही. पुढे मी बाळंतपणाला गेले, तेव्हाही त्याने आडवं केलं होतं. वहिनीने सांगितलं मला.

तडकलेली खिडकी त्याने कधी बदलली नाही.

आज सकाळी ते इनासच्या हॉलमध्ये उभंच होतं. बोळिंजहून त्याचा नातू आला, त्याला म्हटलं, धर एका बाजूने. आम्ही दोघांनी आडवं केलं. टेकू लावले.

इनास, चार वाजता तुझी माती आहे. ती आटोपून घरी आले की उभं करते.

तोवर पोचला असशील.